टपाल अडवायची नाय

जगातल्या पंधरा-वीस देशांतल्या लोकांना मी एकदा लेखी कळवलं होतं की नेरूळच्या जागी आधी काहीही नव्हतं. चिखल होता, डास होते, माणसं नव्हती. खाली सही ठोकून कळवलं होतं. ज्या बाईच्या हातून ते पत्र जगभर जायचं होतं, ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. तिचा जन्म नेरूळमधल्याच सारसोळे गावातला, तिच्या बापाचा तिथला, आज्याचाही तिथला. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला तोंड नाही, कारण दोन वर्षं मी तिच्याच डब्यातले बोंबील खात होतो.

आम्ही तिला पोस्टमास्तर म्हणायचो. हजेरीपटावर मेहेरबाई. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि रबाळ्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका कारखान्याच्या पहिल्या मजल्यावर, आमचं कॉम्प्युटरचं खातं होतं. त्या काळात आम्ही जगभरच्या अनोळखी लोकांशी टेलिफोनच्या तारेवरून भांडायचो असं सांगितलं, तर आजची पोरं म्हणतात, काका, फेकू नका. पण भांडायचो. फक्त सावकाश भांडायचो. त्या व्यवस्थेचं नाव यूजनेट. तिच्यात विषयवार चर्चागट असत: एक प्रोग्रॅमिंगचा, एक बुद्धिबळाचा, एक भारतातल्या घडामोडींचा. आपण लिहिलेलं पत्र आमच्या यंत्रात पडून राही. सकाळी सहाला आमचं यंत्र मुंबईतल्या एका संस्थेच्या यंत्राला फोन लावी, आपली पत्रं तिकडे ढकली, तिकडची इकडे ओढून घेई. तिथून पत्रं समुद्रापार जात आणि गटातल्या सगळ्यांना दिसत. सोमवारी टोमणा मारला तर उलटा टोमणा शुक्रवारी यायचा. तोवर आपण कुणाला काय बोललो होतो ते विसरलेलं असायचं.

सकाळी सहाला कामावर यायला एकही इंजिनियर तयार नव्हता, मी तर नव्हतोच. मी वाशीच्या नव्या कोऱ्या फ्लॅटमध्ये साडेसातपर्यंत घोरत असे. मेहेरबाई मात्र पहिल्या पाळीच्या बसने यायच्या, कारण बारा वर्षं त्या कारखान्याचा टेलेक्स, म्हणजे तारेवरून मजकूर पाठवायचं यंत्र, सांभाळत होत्या. आमचे नाबरसाहेब त्यांना म्हणाले, "बाई, फक्त एक बटण दाबायचं." ते बटण दाबल्यावर लाइन तुटायची, यंत्र अडायचं, निम्मी पत्रं आत आणि निम्मी अधांतरी राहायची. सहा महिन्यांत बाईंनी ते सगळं प्रकरण असं पाठ केलं की आम्ही पदवीवाले त्यांच्या टेबलाशी उभे राहून विचारायला लागलो. अशा प्रत्येक यंत्रावर टपाल बघणाऱ्याचं एक खातं असतं आणि त्याचं नाव पोस्टमास्तर असतं. ते खातं बाईंकडे आलं, म्हणून त्या पोस्टमास्तर.

फोन लागला की यंत्राला टेलिफोनच्या तारेशी जोडणारं मोडेम आधी शिट्टी मारायचं, मग खरखरायचं. त्या खरखरीवरून पोस्टमास्तरांना लाइन टिकणार की तुटणार ते कळे. कान जवळ नेऊन ऐकत, डोकं हलवत आणि म्हणत, "आज तारेत पानी शिरलंय. ठेव खाली." त्या म्हणत तेव्हा ठेवलेलं बरं असायचं. एकदा मी माझं ज्ञान पाजळलं, की आवाजावरून असं काही ठरवता येत नाही, त्याला मोजायचं यंत्र लागतं. त्या म्हणाल्या, "बरं. तू मोज." मी पाऊण तास मोजत बसलो. त्या चहा पिऊन आल्या, फोन ठेवला, पुन्हा लावला, आणि टपाल गेलं.

टपालाबद्दल त्यांचा एकच कायदा होता. "खासगी पत्र म्हंजे बंद पाकीट. त्याला मी नजर लावत नाय. गटातलं पत्र म्हंजे जेटीवरची बोंब. ते मी वाचनार. वाचायचं, हसायचं, शिव्या घालायच्या. पन टपाल अडवायची नाय." हा कायदा माझ्यावर पहिल्याच आठवड्यात चालवला गेला. यंत्र चालतंय का बघायला मी जगाला एक पत्र टाकलं: 'कोणी आहे का?' कोणी आहे म्हणजे? चाळीसेक माणसं निघाली. स्वीडनपासून ऑस्ट्रेलियापर्यंत सगळ्यांनी कळवलं की अशा चाचण्यांसाठी वेगळा गट असतो, आणि तो माहीत नसेल तर सूचना वाचायला शिका. पोस्टमास्तरांनी ती सगळी उत्तरं छापून काढली, कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्यांसकट, आणि पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर चिकटवली. "म्हटलं, तुला येवढ्या लोकांनी पत्र लिवलंय, घरी दाखवायला लागंल."

त्यांचं इंग्रजी टेलेक्सचं होतं. सगळी अक्षरं मोठी, कॅपिटल, वाक्यात क्रियापद असलं तर असलं, आणि एकही शब्द फुकटचा नाही. यूजनेटवर मोठ्या अक्षरांत लिहिणं म्हणजे ओरडणं समजलं जाई, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. एका अमेरिकन गृहस्थाने त्यांना विचारलं, बाई, आपण ओरडता का आहात? मी घाबरून सांगितलं की आता लहान लिपीत लिहा. "लांब हाय ना तो?" त्या म्हणाल्या. "मंग वरडावंच लागनार." आणि त्याला तसंच, मोठ्या अक्षरांत, कळवलं.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. अमेरिकेत पीएच.डी. करणाऱ्या एका कुलकर्णीने भारताच्या गटावर विचारलं की मी परत यायचं म्हणतोय, न्यू बॉम्बे नावाचं जे नवं शहर होतंय ते कसं आहे? मला अमेरिकेला जायचं होतं. तिकडे ओळख नव्हती. ही ओळख चालून आली होती. मी कॉम्प्युटरचे तीन पडदे भरून त्याला लिहिलं. सरळ रस्ते, सेक्टर, बागा. नेरूळ म्हणजे कोरा कागद, आधी इथे काहीच नव्हतं, आम्ही सुशिक्षित माणसं आलो आणि या दलदलीला शहर केलं. शेवटी, मी किती कर्तबगार आणि किती वाया जातोय हे पटवायला, एक ओळ टाकली: आमच्या साहेबांना मोडेमची पुढची बाजू कुठली ते विचारावं लागतं. हे खासगी पत्र होतं. आर दाबलं की त्या एका माणसाला जातं, एफ दाबलं की अख्ख्या गटाला. कीबोर्डवर ही दोन अक्षरं खालीवर राहतात. मी एफ दाबलं.

चहाच्या वेळी लक्षात आलं. धावत पोस्टमास्तरांकडे गेलो.

"बाई, माझं एक पत्र चुकून गटावर गेलंय. काढून टाका ना."

"गेलं कुठं? यंत्रातच हाय. उद्या सकाळी जाईल."

"म्हणूनच. जायच्या आधी काढा."

"का?"

"शेवटी साहेबांबद्दल एक ओळ आहे."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "साएबांबद्दल. बाकी?"

"बाकी सगळं ठीक आहे."

"बाकी सगळं ठीक हाय," त्या म्हणाल्या. "मंग जाऊ दे. टपाल अडवायची नाय, इंजिनेर."

मला वाटलं, बाई नियमाला धरून बसल्या. त्या संध्याकाळी माझी एकच चिंता होती की साहेब वाचतील. साहेब काहीही वाचत नसत हे आठवून मला झोपही चांगली लागली. लिहिणाऱ्याला आपलं पत्र मागे घेता येतं, त्यासाठी 'रद्द' असा एक संदेश पाठवायचा असतो, हे मला पुढे कळलं. तेव्हा का सांगितलं नाहीत म्हणून मी भांडलो, तर म्हणाल्या, "काढून टाका म्हनालास. कसं काढायचं ते कुठं विचारलंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझं पत्र गेलं. त्याच्या पाठोपाठ, त्याच फोनवर, त्यांचं गेलं. मी नऊला पोचलो तेव्हा पडद्यावर ते उघडूनच ठेवलं होतं. सगळं मोठ्या अक्षरांत. मराठीत सांगायचं तर असं:

'कालचं पत्र चूक. इथे गाव आहे. नाव सारसोळे. आजही आहे. सेक्टर आहेत तिथे आमचं भात होतं. जमीन घेण्याची नोटीस आली तेव्हा मी मॅट्रिकला होते, बापाला मीच वाचून दाखवली. नोटिशीत आमचं नाव होतं, म्हणजे माणसं होती. खाडीत अजून जाळी लावतो. लिहिणारा माझ्या शेजारी बसतो. माणूस वाईट नाही. नकाशा बघून बोलतो.'

माझे कान असे तापले की मी पंख्याखाली जाऊन उभा राहिलो. "बाई, तुम्ही मला सांगायचं ना!" मी म्हटलं.

"दोन वर्षं जेवतोस माझ्यासंगं. बोंबील कुठनं येतात वाटलं तुला? सेक्टरातनं?"

मग उत्तरं यायला लागली. काहींनी बाईंची बाजू घेतली. काहींनी समजावलं की प्रगतीला किंमत द्यावी लागते. हे समजावणारे सगळे किंमत द्यायच्या जागेपासून सात-आठ हजार मैलांवर होते. पण एका शहाण्याने लिहिलं की हे पत्रच बनावट आहे. मासेमारीच्या गावातली बाई यूजनेटवर असूच शकत नाही, कुणीतरी वात्रट पोरगा बाईचं नाव घेऊन लिहितोय. दोन-चार जणांनी री ओढली. पोस्टमास्तरांनी ते छापून काढलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. त्या दिवशी त्यांनी मोडेमला दोनदा शिवी घातली.

तिसऱ्या दिवशी उत्तर गेलं. घराचा पत्ता. वाशीचा पूल ओलांडा, नेरूळ फाट्याला उतरा, खाडीच्या दिशेने चाला, जेटीवर मेहेरांचं घर विचारा. शेवटची ओळ: 'येऊन बघा. मी असते.'

ज्या संस्थेच्या यंत्रातून आमची पत्रं पुढे जात, तिथून कुणीतरी नाबरसाहेबांना फोन केला. तांत्रिक कामासाठी दिलेल्या लाइनवर जमिनीचं राजकारण कशाला, वगैरे. साहेब सज्जन माणूस, पण फोन वाजला की आधी उभे राहायचे आणि मग उचलायचे. आमचा कारखानाही कुणाच्या तरी शेतावरच उभा होता. त्यांनी पोस्टमास्तरांना बोलावलं. मी फाइल घेऊन दारात होतो.

"मेहेरबाई, ते पत्र रद्द करा. दिलगिरीचे दोन शब्द टाका. विषय संपला."

"खोटं काय लिवलंय त्यात, साएब?"

"खोट्या-खऱ्याचा प्रश्न नाही."

"मंग कसला हाय?"

साहेबांनी फोनकडे पाहिलं. "रद्द करा, नाहीतर उद्यापासून खाली टेलेक्सच्या खोलीत बसा. हे खातं दुसरं कोणी बघेल."

खाली टेलेक्सची खोली म्हणजे गोदामाच्या पाठीमागचं खुराडं. तिथून वर यायला त्यांना बारा वर्षं लागली होती. खात्यात जो तो 'ए टेलेक्सवाली' म्हणायचा, तो 'पोस्टमास्तर' म्हणायला लागला होता. आता तो सगळा रस्ता उलटा चालायचा होता. पोस्टमास्तर उभ्या राहिल्या. "लोक म्हनतात, मी नायच. आता मीच लिवून देऊ का, मी नाय म्हनून? माझा बाप नोटिशीला काय करू शकला नाय. हे पत्र माझं हाय. मी नाय काढत." आणि डबा, पर्स, खुर्चीवरची उशी घेऊन जिना उतरून गेल्या.

साहेब माझ्याकडे वळले. "तुला प्रोग्रॅमिंग येतं. तिच्या नावाने तू रद्द करून टाक."

येत होतं. दुसऱ्याच्या नावाने रद्दचा संदेश पाठवणं लबाडी होती, पण अवघड नव्हतं. मला साहेबांची शिफारस हवी होती, अमेरिकेच्या अर्जाला जोडायला. मी 'हो' म्हणालो. इथे मी कुरकुरत, मन मारून 'हो' म्हणालो असं लिहायचा मोह होतोय. पटकन म्हणालो.

प्रत्येक पत्राला एक लांबलचक क्रमांक असे आणि तो रद्दच्या संदेशात तंतोतंत घालावा लागे. माझं पत्र आणि पोस्टमास्तरांचं पत्र एकाच यंत्रातून लागोपाठ निघालेली, त्यामुळे क्रमांकात शेवटच्या आकड्याचा फरक. मी क्रमांक टाकला, संदेश सोडला. साहेबांनी विचारलं, "रद्द झालं?" म्हटलं, "झालं." कुठलं, ते त्यांनी विचारलं नाही.

चार दिवसांनी गटावरून जे पत्र नाहीसं झालं ते माझं होतं.

त्यांचं जिथल्या तिथे. उलट आता ते एकटंच उठून दिसायला लागलं. आणि मजा अशी की मला शाबासकीची पत्रं आली! चूक कळल्यावर पत्र मागे घेणारा असा दिलदार माणूस विरळा, असं टोरांटोच्या एका बाईंनी लिहिलं. मी ते छापून घरी नेलं. हळूहळू मलाच वाटायला लागलं की मी हे मुद्दाम केलं असणार. साहेबांच्या डोळ्यांत धूळ फेकून, अन्यायाविरुद्ध वगैरे. मित्रांना तसं सांगायलाही लागलो.

पोस्टमास्तरांचं खातं माझ्याकडे आलं होतं. पहाटे पाचला उठून, पहिल्या पाळीच्या बसने मी रबाळ्याला जायचो आणि मोडेमची खरखर ऐकायचो. मला त्यात खरखरच ऐकू यायची. सात दिवसांत तीनदा फोन लागला आणि तिन्हीदा मध्येच तुटला; थोडीफार पत्रं सुटायची, बाकी अधांतरी. तिकडे परदेशी गिऱ्हाइकाच्या प्रोग्रॅममधला एक दोष निस्तरायचा उपाय प्रोग्रॅमिंगच्या गटावर येणार होता. तो येईना. साहेब दर तासाला विचारत. शेवटी स्वतः जिना उतरून गोदामामागे गेले, मागोमाग मी.

"मेहेरबाई, वर चला."

"आनि पत्र?"

"राहू दे पत्र."

"तोंडानं नको. लिवून द्या."

साहेबांनी तिथेच, टेलेक्सच्या कागदावर, इंग्रजीत लिहून दिलं: मेहेरबाईंच्या पत्रास खात्याची हरकत नाही. बाईंनी कागद दोनदा वाचला, वर आल्या, खुर्चीवर उशी ठेवली, मोडेमला कान लावला. उपाय त्या सकाळी आला. साहेबांची चिठ्ठी दुसऱ्या सकाळी गेली. भारताच्या गटावर. जशीच्या तशी, मोठ्या अक्षरांत, खाली साहेबांच्या नावासकट. साहेबांना मात्र ते कधीच कळलं नाही. त्यांना गट कसा उघडायचा ते माहीत नव्हतं.

पुढची काही वर्षं पोस्टमास्तर त्या खुर्चीत होत्या. मग आमचं कॉम्प्युटरचं खातं बंद झालं, मी पुण्याला गेलो, त्या वारल्याचं मला महिनाभर उशिरा कळलं. एवढी जलद साधनं आली होती आणि बातमी महिन्याने. आजही काही लिहून पाठवायच्या आधी माझं बोट थांबतं, शेजारी कोण बसलंय ते मी आधी बघतो. हा त्यांचा गुण. नकाशा बघून बोलण्याची खोड मात्र अजून पूर्ण गेलेली नाही, असं बायको म्हणते.

पण मला त्यांची आठवण येते ती एका डिसेंबरातल्या दुपारची. सुट्टीवर आलेला कुलकर्णी खरोखरच सारसोळ्याला गेला होता. हातात बाईंच्या पत्त्याच्या पत्राची छापील प्रत, नेरूळ फाट्यापासून चालत, जेटीवर मेहेरांचं घर विचारत. पोस्टमास्तरांनी मलाही जेवायला बोलावलं. ओटीवर बसलो होतो, समोर खाडी, भरतीचं पाणी चढत होतं, त्यांचा भाऊ जाळं दुरुस्त करत होता. कुलकर्णी ताटातल्या कालवणापेक्षा त्या पाण्याकडेच जास्त बघत होता. मग त्याने घडी उघडली, बाईंसमोर धरली आणि म्हणाला, "तुमचं पत्र बनावट म्हणणारा माझ्याच खोलीत राहतो. जाऊन सांगतो त्याला." बाईंनी त्याच्या ताटात अजून एक तुकडी वाढली.

मला राहवलं नाही. कुलकर्णीला मी माझी कथा ऐकवली. साहेबांचा हुकूम, माझी द्विधा, आणि मग मी मुद्दाम, समजून-उमजून, स्वतःचाच क्रमांक टाकून स्वतःचं पत्र कसं उडवलं. द्विधा या शब्दावर मी जरा थांबलोसुद्धा. कुलकर्णी भारावला. म्हणाला, "वा! म्हणजे तुमचं धोरण होतं!"

पोस्टमास्तर भात वाढत होत्या. पळी हातात तशीच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"धोरन कसलं, भाऊ? याला आकडा वाचता येत नाय."